साडूच्या घराचा पायवा

"भिताडाले कान लावून काय आयकून राह्यले भाऊजी? पोट दुखते म्हंते काय थे?"

पायल असं म्हणाली अन् आपल्याच बोलण्यावर हसली. भीमराज हसला नाही. हातातल्या लहान हातोडीनं त्यानं भिंतीवर टकटक केलं, कान लावला, जरा पुढं सरकून पुन्हा टकटक केलं.

"मंधात बोलू नको बाप्पा," तो म्हणाला. "तू बोलली का मले तिचं आयकू येत नाही."

"घ्या. आता भीतही बोलाले लागली."

"बोलते ना. घरवाला खोटं बोलन, दलाल खोटं बोलन. भीत कायले खोटं बोलन? तिले थोडीच पुण्याले जाचं हाय."

हा टोमणा दारात उभ्या असलेल्या देवसिंग राठोडाला होता. देवसिंग एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. पोरगा पुण्याला, सून पुण्याला, नातू पुण्याला. म्हणून म्हातारा-म्हातारी यवतमाळचं घर विकून तिकडं निघालेले. आर्णी रोडला आत वळलं की जो नवा लेआउट पडला आहे, त्यात हे घर. घ्यायला निघालेला संघदीप, म्हणजे पायलचा नवरा. मुकुटबनकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, आता बदली यवतमाळजवळ झाली. आणि घर पास करायला आलेला भीमराज. पायल त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. म्हणजे संघदीप त्याचा साडू.

घर पाहणं हाच भीमराजचा धंदा. पोरगी पाहायला जाताना लोक एखादा जाणता माणूस सोबत नेतात, तसं घर घ्यायच्या आधी यवतमाळात भीमराजला नेतात. आधी तो एका ठेकेदाराकडं मुकादम होता. कुठल्या कॉलमात लोखंड कमी पडलं, कुठली ओल रंगाखाली गेली, कुठल्या फरशीखाली नुसती चुरी आहे, हे त्याला ठाऊक असायचं, कारण ते दडवताना तोच उभा असायचा. ठेकेदार वारला, त्याच्या पोरांनी हॉटेल टाकलं, आणि भीमराजनं दडवायचा धंदा सोडून शोधायचा धरला. त्याच्या मोटरसायकलीच्या झोळीत हातोडी, ओलंबा, लेव्हलचा पाईप, टॉर्च अन् ओल मोजायचं एक मशीन असतं. मशीनचा उपयोग थोडा. पण ते टूं करून वाजलं की गिऱ्हाईकाला बरं वाटतं. सगळं पाहून झालं की तो अंगणात येतो, रुमालानं हात पुसतो अन् तोंडानं सांगतो. घ्या, नाही तर नका घेऊ. त्याच्या 'नका'वर कितीतरी सौदे मोडले. दलाल लोक त्याला लांबून पाहिलं की दुसऱ्या गल्लीनं जातात.

पण आज त्याच्या पोटात आग होती. ती आजची नव्हती.

साडू हे नातंच मोठं कुचकट. तो ना भाऊ, ना दोस्त. एका सासऱ्याचे दोन जावई, आणि सारा गाव त्यांना जन्मभर तराजूत घालून पाहणार. राळेगावजवळच्या सासरवाडीत भीमराज काही वर्षं एकटाच जावई होता. मटणाची नळी त्याच्या ताटात पडायची, अंगणातली चांगली खाट त्याची असायची. मग पायलचं लग्न झालं अन् संघदीप आला. डी.एड. झालेला, इस्त्रीच्या शर्टातला, हळू बोलणारा. सासरा त्याला 'सर' म्हणायला लागला. जावयाला सर. भीमराजला मात्र तो अजून 'भीमा' म्हणूनच हाक मारायचा, अन् हाक मारली की काहीतरी दुरुस्तीचंच काम असायचं. "भीमा, नळाची तोटी पाह्य बरं जरा." सर तेवढ्यात पंख्याखाली बसून पेपर वाचायचे. नळी कोणाच्या ताटात जाते, हे भीमराजनं पाहायचं सोडून दिलं होतं. म्हणजे पाहायचा, पण पाहिलं नाही असं दाखवायचा.

त्यात संघदीपमध्ये खोड सापडेना. दारू नाही, खर्रा नाही, तोंडात शिवी नाही. भेटला की आधी तोच 'जय भीम साडभाऊ' म्हणायचा, अन् मनापासून म्हणायचा. असल्या माणसाचा नीट रागही करता येत नाही.

आता तो घर घेत होता. भीमराजनं आजवर निम्म्या यवतमाळची घरं ठोकून पाहिली, पण स्वतः पाटीपुऱ्यात दोन खोल्यांत राहत होता, वर टीन. मे महिन्यात ते टीन असं तापायचं की नलू दुपारी चूल पेटवायची नाही.

नलू, त्याची बायको, आज सोबत आली होती. ती स्वयंपाकघरात होती. भीमराज तिथं नळ पाहायला गेला तेव्हा ती काळ्या दगडाच्या ओट्यावर हात ठेवून उभी होती. ओट्याखालचा खण तिनं ओढला. तो आवाज न करता बाहेर आला. तिनं लोटला, तो तसाच आत गेला. मग पुन्हा ओढला. ती बोलली असती तर बरं झालं असतं, निदान तिच्यावर खेकसता आलं असतं.

तो कामाला भिडला. फरश्या वाजवल्या; एकही पोकळ निघाली नाही. न्हाणीच्या मागच्या भिंतीला मशीन लावलं. ते मुकाट राहिलं. गच्चीवर गेला, उन्हात ओणवा होऊन पाण्याचे डाग शोधले. गच्चीचा उतार असा की पाणी आपल्या पायानं चालत नळीत जावं. जिन्याच्या पायऱ्या सारख्या. दारं पावसाळ्यात फुगून घासल्याची खूण नाही. परक्याचं घर असतं तर इतकं चोख काम पाहून तो खुश झाला असता, बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव विचारलं असतं. आज एकेक चांगली गोष्ट त्याला बाभळीच्या काट्यासारखी टोचत होती. अन् मागून संघदीप विचारत होता, "हे बी बरं हाय ना साडभाऊ?"

"पाहून तं राह्यलो सर. जरा दम धरा."

मग तो मागच्या खोलीत गेला, आणि तिथं त्याला ती सापडली.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग निघाली होती अन् तिरपी होऊन फरशीकडं गेली होती. वर रुंद, खाली बारीक. कोणीतरी पुट्टी भरून वरून रंग मारला होता, पण टॉर्च आडवा धरला की तिची सावली पडत होती. भीमराजनं तिच्यात नख घातलं. नख गेलं. पोटातली आग एकदम शांत झाली, जसं कोणी थंडगार ताक पाजलं.

आपल्या भागात अशी तिरपी भेग म्हणजे काळी माती. कपाशीच्या वावरावर लेआउट पडतात. ती माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि जो पायवा तिला पार करून खाली मुरमापर्यंत गेला नाही, तो तिच्यासोबत वरखाली होतो. घर बसतं. एकदा बसायला लागलं की त्याला कोणी उठवू शकत नाही.

तो अंगणात आला. रुमालानं हात पुसले.

"सर," तो म्हणाला, "घर बसून राह्यलं."

पायलच्या डोक्यावरचा गॉगल खाली नाकावर आला. देवसिंग दारातून दोन पावलं पुढं आला.

"कोन म्हंते बसून राह्यलं? मुरमावर हाय माहं घर. पायवा भरला तवा मी सोता उभा होतो. रजा टाकून उभा होतो."

"सगळेच उभे राह्यते काका. खाली वाकून कोन पाह्यते?"

"तुले काय मालूम बे मी वाकलो का नाही?"

"मागच्या खोलीत या. भेग दाखवतो."

देवसिंग आला नाही. संघदीपही गेला नाही. तो मान हलवून म्हणाला, "साडभाऊ म्हंते तं झालं. राहू द्या काका. नाही घेत मंग."

"पर अवो—" पायल म्हणाली.

"पर काय त्यात? आपन दुसरं पाहू."

असा एका वाक्यात सौदा मोडला. देवसिंगनं सांगून टाकलं की परवा वर्ध्याचं गिऱ्हाईक येणार आहे, मग म्हणू नका. संघदीप म्हणाला, नाही म्हणणार. भीमराजनं झोळी गाडीला अडकवली. भांडण झालं असतं, साडूनं चार प्रश्न विचारले असते, तर त्याला अजून गोड लागलं असतं. पण जेवढं मिळालं तेवढंही कमी नव्हतं.

संध्याकाळी नलू भाकरी थापत होती. पाठ त्याच्याकडं.

"खरंच बसून राह्यलं काय वो थे घर?"

"मंग मी खोटं बोलून राह्यलो काय?"

"मी कुठं म्हनलं खोटं." तिनं भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुमी गाडीवर गानं म्हनत होते."

"कोन?"

"तुमी. आर्णी नाक्यापासून इथलोक. थ्या पुसदच्या बाईचं घर नापास केलतं तुमी, तवा घरी येऊन जेवले बी नव्हते. म्हनत होते, बिचारीनं गळ्यातलं मोडून पैसा उभा केला. अन् आज माह्या बहिनीचं घर मोडलं तं गानं."

"बहिनीचा पुळका आला."

"पुळका तं येईनच." ती वळली. हाताला पीठ होतं. "अन् जळन काय तुमालेच होते? मले नाही होत? मी थ्या वट्यावर हात ठेवला तं मनात आलं, लागो आग याले. पायलले भांडे घासता येत नव्हते, माहे घासलेले भांडे ते आपल्या नावावर सांगे, अन् आता तिच्या घरी असा वटा. मले बी झालं. पर मी भीत नाही फोडली कोनाची."

"भेग हाय तिथं. मी काय कोरली ती?"

"मंग जेवा."

तो जेवायला बसला, पण घासाला चव लागेना. भेग होती, त्यात खोटं काही नव्हतं. पण किती रुंद होती? त्यानं ती पट्टीनं मोजलीच नव्हती. नख घातलं, नख गेलं, अन् तो बाहेर पळत आला. दुसऱ्याचं घर असतं तर त्यानं वरची बाजू पाहिली असती, बाहेरून पाहिलं असतं, शेजारची खोली पाहिली असती. एवढं पुरे म्हणून तो आजवर कधी मधूनच बाहेर आला नव्हता.

आणि वरून ही बाई आता जन्मभर 'गानं' म्हणणार.

ताट तसंच ठेवून त्यानं फोन लावला. "सर, सकाळी गड्डा खांदून पाहू."

"कायले साडभाऊ? तुमी सांगतलं ना."

"खांदून पाहू म्हनलं ना. काळी माती काढून दाखवतो तुमाले. अन् नलूले बी घेऊन येतो, तिले लय हौस हाय पाहाची."

तर भीमराज दुसऱ्या दिवशी निघाला तो सत्य शोधायला वगैरे नाही. बायकोच्या पुढ्यात काळ्या मातीचा ढेकूळ ठेवायला निघाला.

देवसिंगनं आधी फाटकच उघडलं नाही. राहत्या घराच्या बुडाशी गड्डा कोण खणू देईल? शेवटी त्यानं अट घातली. आपल्याकडं या कामाची रीतच आहे: काळी निघाली तर घरवाल्यानं गड्डा बुजवायचा, मुरूम निघाला तर खणणाऱ्यानं. "अन् नुसता नाही बुजाचा," देवसिंग म्हणाला, "पानी टाकून, धुम्मस करून, होतं तसं करून द्याचं. मजूर लावून नाही. तुमी सोता."

"काळी निंगाली तं तुमी सोता," भीमराज म्हणाला.

"हाव."

मागच्या खिडकीखाली त्यानं सब्बल मारली. माती ओढायला संघदीप. इस्त्रीचा शर्ट काढून बनियानवर आला, टोपलं उचलायला लागला. थोड्या वेळात त्याच्या तळव्याला फोड आला. त्यानं तो पाहिला, हसला, रुमाल गुंडाळला अन् पुन्हा टोपलं उचललं. भीमराजला वाटत होतं, हा माणूस एकदा तरी कुरकुरेल. कुरकुरला नाही.

वरची माती काळी निघाली. खालची काळी निघाली. अजून खाली, अजून काळी, हातात घेऊन दाबली की वळी होणारी. भीमराज घामानं निथळत होता अन् खुश होता. नलू मागच्या दारात उभी होती. तिला दिसेल अशा बेतानं त्यानं एक ढेकूळ वर फेकला. "पाह्य," तो म्हणाला. नलूनं पाहिला.

मग पायव्याचे दगड लागले. ते खाली खाली जात राहिले. गड्डा आता इतका खोल अन् अरुंद झाला की आत एकच माणूस मावावा. भीमराज उकिडवा बसला, डोकं भिंतीला टेकवलं, आणि शेवटच्या दगडाच्या खाली हात घातला. तिथं अंधार होता. डोळ्यांचं काम नव्हतं. त्याच्या बोटांना खरखरीत लागलं. त्यानं नखानं खरवडलं. दाणे सुटले, कडक, वळी न होणारे. त्यानं मूठ उजेडात आणली. तांबूस पिवळा मुरूम.



वर आभाळाचा एक तुकडा होता अन् संघदीपचे जोडे होते. देवसिंगचे गुडघे गेलेले, तो काही खाली उतरणार नव्हता. संघदीपला मुरूम अन् काळी यांतला फरक रंगावरून कळेल, पण त्याला दाखवायचं काय ते भीमराजच्या हातात होतं. एका हातात मुरूम, दुसऱ्या हाताखाली हवी तेवढी काळी. मुरमाची मूठ पायाखाली सोडायची, काळीची वर धरायची, एक शब्द बोलायचा. उद्या वर्ध्याचं गिऱ्हाईक येईल, घर जाईल. कोणाला कधी कळणार नाही. त्या ओट्याचा खण दुसरीच कोणीतरी ओढेल, जिचं नावही नलूला माहीत नसेल.

"काय लागलं साडभाऊ?" वरून आवाज आला.

भीमराजनं तोंड उघडलं.

"मुरूम लागला जी."

खणखणीत हाळी. शेजारच्या घराची खिडकी उघडली एवढी मोठी. मुकादम असताना त्यानं गावोगावच्या पायव्यांत उतरून हीच हाळी दिली होती. मुकादमानं ती दिल्याशिवाय वर गिट्टीचं घमेलं हलत नसे. बोटांना मुरूम लागला की तोंडानं ओरडायचं, मध्ये विचार करायची सवयच नव्हती. आताही तोंड त्याला न विचारता बोलून गेलं. आपल्याच तोंडावर एक हाणावी असं त्याला वाटलं, पण दोन्ही हात मातीचे होते.

"मी काय सांगून राह्यलो होतो," देवसिंग वरून म्हणाला. "रजा टाकून उभा होतो मी."

"मंग भेग कायची?" संघदीपनं विचारलं.

भीमराज वर आला. बाहेरून खिडकीकडं पाहिलं. खिडकीखाली लोखंडाचं गंजलेलं स्टँड होतं. कालही होतं. काल त्याची नजर त्यावरून गेली होती अन् थांबली नव्हती.

"काका, कूलर या खिडकीत होता काय?"

"मंग कुठं राहीन? नवा कूलर मोठा आला, मावेना. तं खिडकी घनानं फोडून मोठी केली."

बस. यवतमाळात नव्यानं घर पाहायला शिकलेलं पोरगंसुद्धा खिडकीच्या कोपऱ्यात भेग दिसली की आधी कूलरचं विचारतं. इकडं घराला खिडकी नंतर अन् कूलर आधी. निम्म्या गावाच्या भिंतींना घनाचा मार बसलेला आहे. भीमराज हा प्रश्न झोपेतही विचारेल. काल त्यानं तो विचारला नाही, कारण त्याला उत्तर नको होतं.

नलूनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती का, हे त्यानं पाहिलं नाही.

तो पुढच्या अंगणात गेला. सगळे मागं आले. त्यानं रुमालानं हात पुसले, बराच वेळ पुसले.

"घ्या," तो म्हणाला. "कोपऱ्यात जाळी मारून शिमीटाची छपाई करून घेजा. बाकी घर घट्ट हाय." अन् मग, धंद्याचा नियम म्हणून जे शेवटी बोलावंच लागतं तेही बोलला, "मी काल चुकलो होतो."

"भाऊजी, काल जीवच घेतला होता तुमी माहा," पायल म्हणाली. "रातभर जेवन नाही गेलं मले."

संघदीपनं रुमाल गुंडाळलेल्या हातानं त्याचा मातीचा हात धरला. "साडभाऊ, दुसरा कोनी असता तं आपला शब्द खरा करत बसला असता. तुमी परत आले. घरचा मानूस तो घरचा."

हे मात्र भीमराजला सगळ्यात जास्त लागलं. साडूनं शिवी दिली असती तर ती पचली असती.

"गड्डा," देवसिंगनं आठवण करून दिली.

भीमराज मागं गेला. फावड्यानं माती लोटली, पाणी टाकलं, धुम्मस उचलून आदळली. संघदीप मदतीला आला, तर देवसिंगनं त्याला हात धरून बाहेर काढला. अट म्हणजे अट. उघड्या खिडकीतून दोघी बहिणींचं बोलणं येत होतं. पायल सांगत होती की पुढं वर एक खोली काढायची, पायवा चांगला आहे म्हटल्यावर काय. नलू म्हणत होती, पडदे हिरवे घे, हिरव्यावर धूळ दिसत नाही. मग म्हणाली, "पर तुले कुठं धुवाची सवय." पायल खिदळली. भीमराजनं धुम्मस अशी आदळली की खिडकीची काच थरथरली.

"हळू," देवसिंग म्हणाला. "आता घर त्याईचं हाय."

फोन वाजला. वाघापूरच्या एका बँकेतल्या बाईचा. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, दलाल येऊन बसला आहे, तुम्ही येता की नाही. "आलोच," भीमराज म्हणाला. नळावर हातपाय धुतले, पायल चहा टाकत होती तो नको म्हणाला, नलूला म्हणाला तू ये ऑटोनं, आणि गाडीला लाथ मारली.

वाघापूरचा फ्लॅट नवा होता. त्याला पाहून दलालानं हातातली पुडी खिशात घातली. बाई अनोळखी, तिचा नवरा अनोळखी, घरात कोणाचा ओटा कसा आहे याच्याशी भीमराजला काही देणं-घेणं नव्हतं. त्यानं झोळी खाली ठेवली, पँट वर दुमडली अन् न्हाणीत गेला.

"बादली कुठं हाय?" त्यानं विचारलं. "भरून द्या. पानी कोनीकडं जाते थे पाहू."